प्रमाण डोळा

विचार खर्च करण्यात काही माणसं हात राखून असतात, तर काही निव्वळ उधळी. मानसशास्त्राच्या त्या प्रयोगशाळेत ही दोन्ही टोकं एकाच टेबलाशी बसत. एका टोकाला तातडी. समोरच्याचा प्रश्न पुरता व्हायच्या आत हिचा निर्णय होऊन जाई, आणि बऱ्याचदा तो बरोबरही निघे, हे तिच्या जमेला धरलं पाहिजे. दुसऱ्या टोकाला तळ्यात-मळ्यात. हा संख्याशास्त्रज्ञ. ढीगभर आकड्यांतून खोटा आकडा अचूक उचलणारा हा गृहस्थ, कॅन्टीनमध्ये "चहा की कॉफी?" एवढं विचारलं की कपाळाला आठ्या घालून उभा राही. मागची रांग खाकरायला लागली की म्हणे, "तुम्हीच ठरवा," आणि कपात जे पडेल ते निमूट पिई. ही नावं अर्थात पाठीमागची. तोंडावर सगळं अहो-जाहो.

गंमत म्हणजे तातडीचा अभ्यास नेमका त्या दोन शब्दांवर होता. डोकं किती शिणलं म्हणजे माणूस "तुम्हीच ठरवा" म्हणून अंग काढून घेतो? शीण मोजायचा कसा, तर डोळ्यातल्या बाहुलीवरून. सोपं काही विचारलं तर बाहुली स्वस्थ बसते. डोक्याला ताण पडला की पसरते. "छे हो, काहीच जड नाही गेलं," असं माणूस हसतहसत खोटं बोलू शकतो. बाहुलीला ते जमत नाही. कॅमेरा तिच्यावर रोखून बसलेला असतो आणि शेजारच्या पडद्यावर तिची रेघ उमटत असते.

कॅमेरा मात्र उसना. डोळ्यांच्या विभागातल्या सरांचा. दिल्यापासून सर जिन्यात भेटले की सासरी पाठवलेल्या लेकीसारखी त्याची चौकशी करत. "नीट आहे ना? धूळ नाही ना बसू देत? कुणी रागावत नाही ना त्याच्यावर?"

रोज सकाळी, प्रयोगासाठी आलेला पहिला पाहुणा खुर्चीत बसायच्या आधी, कॅमेरा तपासावा लागे. त्यासाठी एकच ठरलेला डोळा हवा, रोज तोच आणि रोज तसाच. त्याला म्हणायचं प्रमाण डोळा. हा मान तळ्यात-मळ्यातकडे गेला. त्याला चष्मा नव्हता, पापणी फारशी लवत नसे, आणि बसवलं तिथे तो बसे. हनुवटी पट्टीवर टेकवून तो बसायचा, समोर तातडी, मधे कॅमेरा.

"पाच अधिक दोन?"

"सात."

"चार अधिक चार?"

"आठ."

झाली तपासणी. एवढ्याशा बेरजेला बाहुलीने ढुंकूनही बघू नये. सुरुवातीला तिने बघितलंही नाही. मग एका सकाळी जराशी पसरली. दुसऱ्या आठवड्यात आणखी. पुढेपुढे तर पाच अधिक दोनला ती इतकी पसरायला लागली, की तेवढी इतरांची सतरा गुणिले तेवीसलाही पसरत नव्हती.

"आज परत चढली," तातडी पडद्याकडे बघत म्हणायची. "तुम्हाला बेरीज जड जाते का हो?"

"नाही."

"झोप होते?"

"झोप... म्हणजे तशी..."

"कळलं. दिवा बदलू."

दिवा बदलला. पडदे बदलले. खुर्ची बदलली, ती करकरली म्हणून जुनी परत आणली. त्याचा सकाळचा चहा बंद केला. कॉफीही बंद केल्यामुळे ठरवायचं काही उरलं नाही, म्हणून तो उलट खूशच झाला. रेघ चढतच होती. शेवटी तातडीला स्वतःच्याच कानातल्यांचा संशय आला. उजेड परतवत असतील! तिने ती काढून ठेवली, केस वर बांधले आणि समोर येऊन बसली. त्या सकाळी रेघेने तोवरचे सगळे विक्रम मोडले.

मग मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. बोलणं मोजकं, बघणं चष्म्याच्या वरून.

"तपासणी डळमळीत, तर तिच्यावर घेतलेली सगळी मोजमापं डळमळीत," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी सर येतायत. कॅमेरा बिघडलाय असं ठरलं तर तो परत जाईल. तुमचा अभ्यास मग पहिल्यापासून. तोही दुसरा कॅमेरा मिळाला तर."

तातडीने तिथेच वही उघडून बदलायच्या उरलेल्या गोष्टींची यादी करायला घेतली.  तळ्यात-मळ्यातने न विचारता आपला पेन तिच्यापुढे केला.

तो राहायचा ताई आणि भावजींकडे. गुरुवारी संध्याकाळी ताई इस्त्री करत होती आणि हा समोरच्या सोफ्यावर कुशन पोटाशी धरून.

"दिवा बदललात?" ताईने विचारलं.

"बदलला."

"खुर्ची?"

"तीही."

"आणि ती?"

"ती कोण?"

"बेरजा विचारते ती."

"तिला कशाला बदलायचं?" तो असा उसळला की कुशन खाली पडलं.

ताईने इस्त्री उभी ठेवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "अहो, ऐकलंत का? कॅमेऱ्याचा बिघाड सापडला!"

"कॅमेरा हरवला होता का?" भावजी आतून म्हणाले.

"कॅमेरा नाही हो, हा हरवलाय!"

त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला. आकड्यांवर त्याचा विश्वास माणसांपेक्षा जास्त. मागे एकदा तातडी सर्दीने घरी होती आणि तपासणी मोठ्या बाईंनी केली होती. ती रेघ त्याने शोधली. सपाट होती. इस्त्री केल्यासारखी. आकड्यांतला हा खोटा आकडा इतके दिवस आपल्याच डोळ्यात बसला होता, हे बघून तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"आता काय करू?"

"मला नको विचारूस. 'तुम्हीच ठरवा' माझ्याकडे चालणार नाही," ताई म्हणाली आणि कॉलरवर फस्सकन पाणी मारलं.

शुक्रवारी सर आले ते थेट खोकं घेऊन. खोक्यात स्पंज, स्पंजमध्ये कॅमेऱ्याच्या मापाचा खळगा.

"मी म्हटलंच होतं. नाजूक असतो तो."

"सर, मला आणखी एक महिना द्या," तातडी म्हणाली. "मी भिंतींचा रंगसुद्धा बदलते."

"भिंतीला रंग लावल्याने यंत्र दुरुस्त होतं होय?" सरांनी वायर काढायला हात घातला.

"थांबा!"

सगळ्यांनी वळून बघितलं. तळ्यात-मळ्यात उभा होता. एक पाय दाराकडे, एक टेबलाकडे. पण तोंड टेबलाकडे होतं.

"कॅमेरा ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे."

"डोळा दुखतोय का?" सरांनी आस्थेने विचारलं.

"डोळा नाही. म्हणजे, हा परिणाम बेरजेचा नाहीये. दिव्याचा नाही, खुर्चीचाही नाही. बेरीज कोण विचारतं, त्याचा आहे. त्या रजेवर होत्या त्या दिवशी रेघ सपाट आहे. त्या समोर असल्या की..." इथे त्याची संख्याशास्त्राची पुंजी संपली. "त्या समोर असल्या की पाच अधिक दोन सात होतात, हे मला दर वेळी नव्याने सुचतं."

 तातडीच्या हातातला पेन खाली पडला आणि घरंगळत कपाटाखाली गेला.

"म्हणजे?" सर म्हणाले.

"म्हणजे," मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही त्या खुर्चीत बसा. नुसतं बोलून चालत नाही इथे. पुरावा लागतो."

तो बसला. हनुवटी पट्टीवर. प्रथम बाईंनी विचारलं. रेघ सपाट. मग सरांनी विचारलं, खास डोळ्यात डोळे घालून. बाहुली किंचित आकसलीच. तेवढ्यात दारात ताई उभी राहिली. डबा घरी विसरला होता म्हणे. डबा तो रोजच विसरत असे, आणून द्यावासा मात्र आजच वाटला होता. बाईंनी तिलाही समोर बसवलं.

"पाच अधिक दोन?"

"सात."

ताईने पडद्यावरची आडवी रेघ बघितली. "सख्खी बहीण आहे मी! लहानपणी कडेवर घेऊन फिरवलाय याला! एवढीशीसुद्धा नाही?"

"आता तुम्ही," बाई तातडीला म्हणाल्या.

तातडी समोर येऊन बसली. प्रश्न विचारायच्या आधीच रेघ उठली आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. ताईला पदर नव्हता, म्हणून तिने तोंडावर डब्याची पिशवी दाबली.

"कॅमेरा निर्दोष," बाई म्हणाल्या. सरांनी मुकाट्याने खोक्याचं झाकण लावलं. तातडीचा अभ्यास वाचला होता. आता तिने हुश्श म्हणायला हरकत नव्हती. पण ती उठेना.

"बाई, ही अर्धीच तपासणी झाली," ती म्हणाली. "जागा बदलून बघायला हवी."

"अभ्यासाला त्याची गरज नाही," बाई म्हणाल्या.

"मला आहे."

जागा बदलल्या. तातडीने हनुवटी टेकवली. इतके दिवस ती दुसऱ्यांच्या बाहुल्या मोजत आली होती. स्वतः पट्टीवर कधी बसली नव्हती. समोर तो. त्याने घसा साफ केला, एकदा, दोनदा.

"पाच... अधिक... दोन?"

"हो," तातडी म्हणाली.

पडद्यावरची रेघ वरच्या कडेतून निघून गेली, ती परत आलीच नाही.

"बघा! बिघडला!" सर ओरडले आणि खोकं परत उघडू लागले.

"उत्तर चुकलंय," बाई चष्म्याच्या वरून म्हणाल्या.

"नाही बाई," तळ्यात-मळ्यात म्हणाला, तेही ताबडतोब. "बरोबर आहे. मी बेरीज विचारलीच नव्हती."

त्यानंतर कामात कुणाचं लक्ष लागणार नव्हतं, म्हणून बाईंनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये पिटाळलं. जाताजाता रोजच्या तपासणीच्या बेरजा विचारायला त्यांनी ताईचं नाव लिहून घेतलं. जिच्यापुढे रेघ इतकी सपाट राहते ती बहीण वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. ताईने तिथल्या तिथे मानधनाची चौकशी केली.

काउंटरवर रांग होती.

"माझा चहा," तळ्यात-मळ्यात म्हणाला. आठी नाही, खाकरणं नाही. मग मागे वळून, "आणि तुम्हाला? चहा की कॉफी?"

तातडीने त्याच्याकडे बघितलं. कपांकडे बघितलं. परत त्याच्याकडे. रांग खाकरायला लागली.

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन एवढ्या मोठ्याने हसली, की काउंटरवाल्याने घाबरून दोन्ही ओतलं.