एका वर्षात एकच

लुदीने पातेल्याचं झाकण फडक्याने करकचून बांधलं आणि ते मांडीवर घेऊन ती तीनचाकीत बसली. बोकडाचा रस्सा पहाटेपासून तिनेच शिजवला होता. मागणी घालायला जाताना मुलाकडच्यांनी जेवण घेऊन जायचं असतं, आणि या घरातलं असलं प्रत्येक जेवण लुदीच रांधत आली होती. शेजारी आई पंख्याने वारा घेत बसली होती. धाकटा बेनॉय चालकाच्या मागे बसला होता, नव्या शर्टाच्या बाह्या सारख्या खाली ओढत.

"सांडू नकोस," आई म्हणाली. "आणि तोंड जरा हसरं ठेव. भावाचं लग्न ठरवायला चाललोय."

"तिसऱ्या भावाचं."

"मग? तुझं पुढच्या वर्षी करू. आर्नेल काय पळून चाललाय?"

लुदीने फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

दोन भावंडांची लग्नं एका वर्षात करायची नाहीत, केली तर एक संसार दुसऱ्याचं नशीब खातो, हे त्यांच्या लेमेरी गावात शेंबडं पोरही सांगेल. पण या समजुतीचा आईने जितका उपयोग करून घेतला तितका कुणी केला नसेल. लुदीने आर्नेलचं नाव काढलं की त्या वर्षी नेमकी एखाद्या भावाच्या लग्नाची घाई उठायची. आधी रामिलची, मग दान्तेची. औषधांच्या दुकानातल्या लुदीच्या पगारावर घर चालत होतं, आणि असा पगार कोणती आई सुखासुखी सासरी पाठवेल? लुदीला चौतिसावं लागलं. आर्नेल जहाजावर स्वयंपाकी होता. मागे सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला होता, "तुझे भाऊ संपेपर्यंत मी म्हातारा होईन." तेव्हा तो हसत नव्हता.

बेनॉयची होणारी बायको रोवेना, तिच्या घरी सगळं रीतसर झालं. तिची आई पासिताबाई म्हणजे शकुन-अपशकुनांचं दुकान; लग्नाआधी मुलीला लग्नाचा झगा अंगाला लावूनही बघू देणार नाही, असं तिने पानावर बसतानाच बजावलं. रोवेना सैल कपडे घालून कोपऱ्यात बसली होती आणि भाताला शिवत नव्हती. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी विचारत नव्हतं.

"रस्सा झकास झालाय हो. कुणी केला?" पासिताबाईने विचारलं.

"आमच्या लुदीने."

"मग अशी गुणाची पोर अजून घरात कशी?"

"तिलाच जायचं नाही," आई हसून म्हणाली. "माझ्यावर फार जीव तिचा."

लुदीने चमचा खाली ठेवला.

पुढच्या महिन्यातला एक शनिवार ठरला. पासिताबाईने हात पुसले. "एक विचारायचं राहिलं, विहीणबाई. यंदा तुमच्या घरात दुसरं लग्न नाही ना?"

"छे! कुणाचं असणार?"

"झालंय," लुदी म्हणाली. "माझं. फेब्रुवारीत, न्यायाधीशासमोर. आर्नेलशी. घरी सांगितलं नव्हतं."

आईचा पंखा थांबला. बेनॉय कसनुसं हसला. लहानपणी त्याला शाळेत पोचवायला लुदीच जायची; ताप आला की तो आईला नाही, तिलाच हाक मारायचा.

"ताई, चेष्टा करतेयस ना?"

"नाही रे."

"मग यंदा नाही," पासिताबाई म्हणाली. "माझ्या पोरीचा संसार मी खड्ड्यात घालणार नाही. नवं वर्ष लागू दे, मग बघू."

"आई, तोवर माझं..." रोवेनाचा हात पोटावर गेला.

"तोवर बाळ होईल. होऊ दे. माझ्या घरात होईल, माझ्या घरचं नाव लावेल. मला विचारून केलं होतंस का?"

रस्सा पुन्हा कुणी वाढून घेतला नाही. लुदीला त्या पानांकडे बघून मनापासून बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटली नाही.

घरी आल्यावर आईने थयथयाट केला, पण तो लगेच आटोपला. ती हिशेबाची बाई होती. "झालं ते झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "नवरा काय, जहाजावरच असणार. तू राहा इथेच."

बेनॉय आतून लुदीची पिशवी घेऊन आला. तिचे कपडे त्याने कसेही कोंबले होते.

"लग्न झालंय ना ताई? मग सासरी जा."

"बेनॉय, अरे..."

"ताई म्हणालोय ते शेवटचं." त्याने पिशवी दारात थांबलेल्या तीनचाकीत टाकली आणि चालकाला सांगितलं, "ताल गावाला सोड हिला. आर्नेलच्या घरी."

'मी खोटं बोलले' एवढंच म्हटलं असतं तर बेनॉयचं लग्न वाचलं असतं, तिचा बिछानाही. लुदी गाडीत बसली.

तालला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. आर्नेलच्या अंगणात एक तरुण बाई त्याचे शर्ट दोरीवर वाळत घालत होती. फेब्रुवारीत न्यायाधीशासमोर आर्नेलशेजारी लग्नाची सही केली होती ती या बाईने. लुदीला ते मार्चमध्ये, दुकानात आलेल्या त्याच्या बहिणीने सांगितलं होतं.

"हेच ना घर?" चालकाने विचारलं.

बाईने वळून बघितलं आणि ओळखीचं कुणी असावं म्हणून हसली.

"हेच," लुदी म्हणाली. "पण पुढे घे."

"पुढे कुठे?"

"घे तर खरं."