कमरेचा दोर

आमचा अबोला सुरू होऊन आठवडा झाला होता. घरात त्याची सोय होती. "बाबांना सांग, ताट वाढलंय," असं मी लेकीला सांगायचे आणि दोन हातांवर बसलेल्या बापाला ती ते जसंच्या तसं ऐकवायची. "पोरीला पगार तरी सुरू करा," सासूबाई म्हणाल्या. होडीत मात्र लेक नव्हती.

भांडणाचं मूळ त्याचा कान. नवरा पाणबुड्या. बेटाभोवती हौशी लोकांच्या होड्यांचे नांगर अडकतात, ते सोडवायचं आमचं काम. शीड मी सांभाळते, दोर मी धरते, खाली तो उतरतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता खोल गेलात तर हा कान गेलाच म्हणून समजा. त्याने ते एका कानाने ऐकलं. दुसरा तसाही बंदच होता. "मी उतरते," म्हटलं. माहेरी वडिलांबरोबर मी पाण्यातच लहानाची मोठी झाले. तर म्हणतो, "तुझा जीव धोक्यात घालू?" माझा जीव रोज वर बसून कुठे टांगलेला असतो, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

त्या सकाळी प्रवाळाच्या कड्यापाशी मी शीड उतरवलं. वारा पडला होता. त्याने कमरेला दोर बांधला आणि हूं की चूं न करता उडी मारली. दोराची भाषा साधी. वरून एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस ना?' खालून एक म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'वर घे'. अबोला असला तरी तेवढं बोलावंच लागायचं.

मी हिसका दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. बऱ्याच वेळाने खालून दोन आले.

बेताबेताने त्याला वर घेतलं. होडीची कड धरून तो डोळे मिटून राहिला. "सगळं गरगरतंय," म्हणाला. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

मला राग आला होता आणि रडूही, दोन्ही गिळलं. त्याची भोवळ पूर्ण उतरेपर्यंत थांबले, मग त्याची हवेची टाकी पाठीवर घेतली आणि दोर कमरेला बांधला.

"नांगर सोडवून येते. धर."

त्याने दोराचं दुसरं टोक मुठीत घेतलं.

खाली गार होतं, शांत होतं. साखळी खडकात रुतली होती. मी हात लावते न लावते तोच हिसका आला. उत्तर दिलं. लगेच दुसरा. एका हाताने साखळी सोडवायची आणि दुसऱ्याने याला उत्तरं द्यायची. एवढं तर तो आमचं लग्न ठरल्यावरही बोलला नव्हता.

वर आल्यावर म्हटलं, "काम करू देशील की नाही? सारखं काय ते?"

त्याचा चेहरा उतरला होता. दोर अजून मुठीतच होता.

"अगं, वरून काहीच कळत नाही."

"नाही कळत."

"रोज असंच होतं तुला?"

"रोज."

वारा पुन्हा सुटला होता. मी शीड चढवलं आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी पोचल्यावर त्याने दोर उचलला, माझ्या कमरेला बांधला आणि गाठ ओढून पाहिली. मग पुन्हा ओढून पाहिली.