धारेवरून की खोऱ्यातून

लाल काचेच्या डोक्याची टाचणी वेस्ट्रे गावावर नीट बसतच नव्हती... नकाशामागच्या फळीत तिथंच गाठ असावी. सिग्नेनं ती अंगठ्यानं दाबली, ती वाकली, आणि आपलं गाव पहिल्यापासून असंच, सरळ उभं राहायचं नाव नाही, असं वाटून तिला हसू आलं. राज्यभरच्या रस्त्यांचं हे पहिलंच जाळं. जिल्ह्यांची मुख्य गावं जोडायची एवढाच नियम; मधली गावं ज्याच्या त्याच्या नशिबावर. वेस्ट्रेपाशी पेन्सिलीच्या दोन फिकट रेघा होत्या—एक डोंगराच्या धारेवरून, एक खोऱ्यातून, वेस्ट्रेच्या लोण्याच्या कारखान्यासमोरून—आणि संध्याकाळी छापखान्याचा माणूस यायच्या आत त्यातली एक शाईनं पक्की व्हायची होती.

"लांबी सारखी, खर्च सारखा," कचेरीचे मुख्य कर्टिससाहेब हॅट चढवत म्हणाले होते. "तुझा मुलूख आहे, तूच ठरव. मी जेवून येतो."

वेस्ट्रेहून आलेला नील्सकाका मांडीवर चीजचं चाक घेऊन बाकावर बसला होता. प्रत्येक गावचं शिष्टमंडळ काहीतरी आणायचंच. कचेरीला आता वाण्याच्या दुकानासारखा वास येत होता.

"एक रेघ तर ओढायची, पोरी. त्याला एवढा विचार?"

"काका, पाहणीची मोटार आली तेव्हा ओढ्यापाशी घोडे कुणी उभे केले होते?"

"मीच. गाडी रुतली तर पाहुण्यांची आबाळ नको. आयाळीला फिती बांधल्या होत्या, पिवळ्या."

"साहेबांनी टिपून घेतलं, इथं मोटारीला घोडे लागतात."

काकानं मांडीवरचं चीज सरळ केलं. "धारेवरच्यांनी काय केलं?"

"आदल्या दिवशी रस्त्यावरून ओंडके ओढून तो गुळगुळीत केला."

"लबाड लेकाचे," काका कौतुकानं म्हणाला. "फिती आवडल्या का पण साहेबांना?"

ती हसली, टाकाचं टोक पुसलं, बाटलीत बुडवलं. चिखल... खोऱ्यातला चिखल तिला काकापेक्षा जास्त ठाऊक होता. त्यात दुधाच्या गाड्या अडायच्या, दूध नासायचं, डॉक्टर अर्ध्या वाटेतून परत फिरायचा—हे सगळं खरं. पण दर वसंतात, दर शरदात, "रस्ता वाळला की येते, आई" हेही तिनं त्याच चिखलाच्या भरवशावर म्हटलं होतं. आईही त्याच चिखलानं अडली होती. खोऱ्यातली रेघ पक्की झाली तर एखाद्या रविवारी आई शहरातल्या खोलीच्या दारात—बटाट्याच्या पोळ्यांचं फडकं हातात, नजर खोलीभर. मी उशिरा उठते. मी चर्चमध्ये जात नाही. मला इथं एकटीला बरं वाटतं... हे इतकी वर्षं कुणाला सांगावंच लागलं नाही, चिखल होता ना.

"शाई वाळेल," काका म्हणाला.

वाळू दे. पहिली कुरबूर कॉफीवरून होणार, पातळ आहे म्हणून, मग पडद्यांवरून. खुर्ची तर घरात एकच. आई तिच्यावर बसेल, मी खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तिथूनच पाय हलवत सांगेन की मी उशिरा उठते—आणि आई पोळीला लोणी लावता लावता म्हणेल... काय म्हणेल? सिग्नेला काही सुचेना. इतक्या वर्षांत आईचं उत्तर ऐकण्याची उत्सुकता तिला पहिल्यांदाच वाटत होती. तिनं बाटलीच्या काठावर टाक निथळवला आणि ती नकाशावर, खोऱ्यातल्या रेघेवर वाकली.