मोह पडेल त्या दिवशी

नीतू मॅडमच्या खोलीत पहिली ते तिसरीची पोरं एकत्र बसायची आणि खुर्ची एकच होती, निळी, प्लास्टिकची. पण तिचा मान काय विचारता. ज्याचा वाढदिवस त्याने त्या खुर्चीत बसायचं, डोक्यावर पळसाच्या पानांचा मुकुट घालायचा, आणि परिपाठ संपेस्तोवर सगळ्यांनी त्याचा हुकूम मानायचा. पिंटूने त्याच्या दिवशी सगळ्यांना उठाबशा काढायला लावल्या. मॅडमलाही सोडलं नाही.

आचलचा नंबर मात्र लागतच नव्हता. शाळेत तिचा जन्म एक जूनचा लागलेला, आणि एक जूनला शाळेला कुलूप. तिचाच कशाला, मागच्या एका मास्तरांनी अर्धा टोला, म्हणजे अर्धी वस्तीच, एक जूनला जन्माला घातला होता. आईबापाला तारीख सांगता आली नाही, की लिहा एक जून आणि व्हा मोकळे. बाकीच्या पोरांना त्याचं काही नव्हतं. आचलला होतं. ती तिसरीत होती, आणि चौथीला रामलाल गुरुजी. ते आपल्या खुर्चीला कोणाला हातही लावू देत नसत.

एक दिवस ती मॅडमच्या स्कूटीला आडवीच आली.

"मॅडम, माहा वाढदिवस काऊन नाही येत?"

शाळा सुटल्यावर त्या सरळ तिच्या घरी गेल्या. आचलची आई चमेली अंगणात तांदूळ पाखडत होती.

"तारीख मले नाही मालूम," ती म्हणाली. "पण नाल्याजवळच्या आमच्या झाडाचा मोह पडाले लागला, त्या दिवसाची हाये हे. अर्धी टोपली भरली होती, अन् हे आली. मंग राहिला मोह तसाच."

मॅडमनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या झाडाचा पहिला मोह पडेल, तोच आचलचा वाढदिवस. बाई तालुक्याच्या गावी, गोरेगावच्या बाजारात वाढलेली, तिने मोहाची फुलं पाहिली ती पोत्यातली, सुकलेली. मोह पडला की अख्खा टोला अंधारातच फुलं वेचायला रानात जातो आणि पोरंही टोपली घेऊन मागे जातात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आणि आचल आनंदात इतकी बुडालेली, की तिच्याही नाही.

मग रोज सकाळी झाडाची बातमी येऊ लागली. पानं गळली, मॅडम. कळ्या आल्या, मॅडम. वर्गातला लखन चिडवायचा, "झाड तुले विसरलं." आचल त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मार्चात सकाळची शाळा लागली. एका सकाळी मॅडम आल्या तर खोली अर्धी रिकामी.

"कुठे गेले सगळे?"

"मोह पडून राहिला ना, मॅडम," किराणा दुकानदाराची दिव्या म्हणाली.

मॅडमच्या आता ध्यानात आलं. आपणच पोरीला आशा लावली आणि दिवस निवडला तो असा. त्यांनी पळसाची पानं आणवली, मुकुट केला, खुर्चीवर ठेवला आणि परिपाठ ताणायला घेतला. प्रार्थना दोनदा झाली. प्रतिज्ञा झाली. पाढे झाले. बातम्या संपल्या तेव्हा पिंटूने कोहमाऱ्याला ट्रकमधून संत्री सांडल्याचं सांगितलं. ते गेल्या महिन्यातलं होतं, पण मॅडमनी त्यावरही प्रश्न विचारले.

रामलाल गुरुजी दारात येऊन उभे राहिले. "परिपाठ संपवा न, मॅडम. घंटा कवाची झाली."

"होऊन राहिला, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर रस्त्यावरच होती.

आणि आचल आली. पळतच. केसात काड्या, पाय धुळीने भरलेले, फ्रॉकच्या ओच्यात मूठभर मोह. मागून डोक्यावर टोपली घेऊन चमेली. टोपली अर्धीच होती.

"अंधारातच उठवली हिले," चमेली धापा टाकत म्हणाली. "वेचता वेचता रडूनच राहिली. म्हणलं, चल बापा."

"आणि बाकीचा मोह?"

"राहिला तसाच." चमेली हसली. "तवा बी राहिला होता."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी मुकुट उचलला आणि आचलच्या डोक्यावर ठेवला. ती खुर्चीत बसली, तर पाय जमिनीला टेकेनात. गाणं झालं, टाळ्या झाल्या, मोहाचा वास खोलीभर पसरला. मग सगळे हुकुमाची वाट पाहू लागले. दोन वर्षं तिने काय काय हुकूम ठरवून ठेवले होते, ते अख्ख्या वर्गाला पाठ होते.

आचलने एक लांब जांभई दिली. "कोणी बोलू नका," ती म्हणाली आणि मान टाकून झोपली.

कोणी बोललं नाही. मॅडमनी फळ्यावर गणितं लिहिली आणि पोरांनी ती मुकाट्याने सोडवली. चमेली थोडा वेळ दारात उभी राहून लेकीकडे पाहत होती, मग टोपली उचलून निघाली. दुसरी घंटा झाली तशी गुरुजी पुन्हा आले आणि काही बोलणार, तोच पिंटूने ओठांवर बोट ठेवलं.

"परिपाठ सुरू आहे, सर," नीतू मॅडम हळूच म्हणाल्या.