मांडीवरचं लिहीत नाहीत

शालिमारजवळच्या टॅक्सी स्टँडवर वत्सला गेली तेव्हा तान्हा कडेवर होता आणि गोदीनं पदर धरलेला होता. रंगनाथचं पत्र पर्समध्ये होतं, पण ते काढायची गरज नव्हती, तिला ते पाठच झालेलं होतं. बँकेनं त्याला सहा महिन्यांसाठी पणजीला पाठवलं होतं आणि नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी तिकडं यावं असं त्यानं लिहिलं होतं. बोटीच्या आदल्या दिवशी सकाळी टॅक्सीनं निघायचं, रात्री भाऊच्या धक्क्याजवळच्या लॉजवर उतरायचं, सकाळी बोटीत बसायचं. आत्याबाईंना, म्हणजे आपल्या आईला, बरोबर आणायचंच. खाली दोन वेळा रेघ मारून लिहिलं होतं, समुद्र दाखवतो.

बुकिंगवाल्यानं वही उघडली. नाशिकची ही टॅक्सी माणसाला घरून उचलायची आणि मुंबईत ज्याच्या त्याच्या दारात सोडायची, म्हणून वहीत नावापुढं ठिकाण असायचं. त्या दिवशीच्या गाडीत पाचातल्या तीन सीट गेल्या होत्या. एक नवराबायको दादरला लग्नाला निघालेले आणि एक तरुण फोर्टात उतरून पुढं विमानाला जाणारा. उरलेल्या दोन. दुसऱ्या दिवशीची गाडी धरली तर बोट चुकत होती.

"दोन मोठ्या बायका," बुकिंगवाला म्हणाला आणि पेन्सिल गोदीकडं केली. "ही मांडीवर बसेल ना?"

गोदीला पाच संपून सहावं लागलं होतं आणि अंगानं ती उंच होती. वत्सला लगेच हो म्हणाली. त्यानं दोन सीट लिहिल्या, पुढं भाऊचा धक्का लिहिलं आणि वही मिटली. पोरांची नावं लिहायची राहिली असं वत्सलाला वाटलं, तिनं विचारलंही. तो हसला. म्हणाला, वहिनी, मांडीवरचं आम्ही लिहीत नाही.

निघायच्या दिवशी आठ वाजता गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. ड्रायव्हर भिकन मालेगावकडचा, बोलका माणूस. वाटेत कोण कुठं जाणार हे त्यानंच सगळ्यांना सगळ्यांचं सांगितलं. विमानाला निघालेला तरुण बहिरू, पेठ तालुक्यातल्या पाड्यावरचा, आयटीआय केलेला, मस्कतला फिटर म्हणून चालला होता. दुपारी एक वाजता फोर्टातल्या एजंटच्या ऑफिसात हजर व्हायचं, तिथं पासपोर्ट आणि तिकीट मिळणार, उशीर झाला तर त्याच्या जागी दुसरा जाणार. हे सांगताना बहिरू सारखा गळ्याभोवतीचा नवा कोरा टॉवेल नीट करत होता. कुसाबाई, म्हणजे वत्सलाच्या आत्याबाई, त्याला म्हणाल्या, "विमानात बसायला तुला भ्या नाय वाटत, बाबा? मला तर या मोटारीतच देव आठवतोय." गाडीत हसू पिकलं. समुद्र केवढा असतो यावरही त्यांचं म्हणणं होतं. गंगेला, म्हणजे नाशिकच्या गोदावरीला, पूर आल्यावर काठचा दुतोंड्या मारुती बुडतो, त्याहून काय मोठा असणार.

मागं दाटी झाली तशी वाडीवऱ्ह्याला बहिरूनं गोदीला पुढं घेतलं. ती त्याच्या मांडीवर झोपली. इगतपुरीला गाडी थांबेपर्यंत तिचं तोंड उघडं पडलेलं होतं.

इथं घाटाच्या माथ्यावर सगळ्या टॅक्स्या चहाला थांबत. तान्हा रडून लाल झाला होता, म्हणून वत्सला त्याला घेऊन हॉटेलातल्या पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये गेली आणि पाजायला बसली. आत्याबाई हॉटेलच्या मागच्या मोरीकडं गेल्या. बाहेर वारं होतं. बहिरूनं उतरताना गोदीला पुढच्या सीटवर अलगद निजवलं, टॉवेल तिच्या डोक्यावरून पांघरला आणि तो चहाला गेला.

या ड्रायव्हर लोकांची एक रीत होती. मुंबईकडून येणारी गाडी माथ्यावर भेटली, तिचा ड्रायव्हर मुंबईचा असला, तर दोघं पॅसेंजर बदलून घेत. मुंबईवाला मुंबईची माणसं घेऊन परत फिरे, नाशिकवाला नाशिकची. दोघंही संध्याकाळी आपापल्या घरी. त्या दिवशी समोरून कोंडाजी नावाचा ड्रायव्हर आला. दोघांनी डिक्क्या उघडल्या, सामान इकडचं तिकडं केलं, सीट मोजल्या. पाच आणि पाच. हिशेब बरोबर जुळला.

वत्सला पडद्यामागून बाहेर आली तर सगळे दुसऱ्याच गाडीत बसलेले. भिकनची गाडी जागेवर नव्हती. कोंडाजी हॉर्न देत होता. आपल्या दोन्ही बॅगा डिक्कीत आहेत हे तिनं पाहिलं, पाण्याची बाटली पाहिली, पितळी डबा पाहिला. आत्याबाईंना घाटात चक्कर येते म्हणून त्या पुढं बसल्या होत्या, त्यांचं फक्त अंबाड्याचं टोक दिसत होतं. गोदी त्यांच्या मांडीवर असणार. वत्सला मागं दादरच्या बाईशेजारी बसली. गाडी उतरायला लागली.

तिसऱ्या वळणावर गाडी जोरात कलली आणि तिला लेकीची आठवण झाली.

"आत्याबाई, गोदीचं तोंड खिडकीकडं करा. घाटात तिला मळमळतं."

आत्याबाई वळल्या. "गोदी माझ्यापाशी कुठंय? तुझ्यापाशी नाय व्हय?"

वत्सलानं खाली पायापाशी पाहिलं. जणू एवढी मोठी पोर पायापाशी पडलेली असेल आणि आपल्याला कळलं नसेल. तिनं तान्ह्याची दुपटी उचलली. शेजारच्या बाईच्या पलीकडं पाहिलं. बहिरूचा हात आपल्या गळ्याकडं गेला, तिथं टॉवेल नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "ती त्या गाडीत हाय."

वत्सला म्हणाली, गाडी थांबवा. शेजारच्या बाईनं तेच मोठ्यानं सांगितलं. कोंडाजी म्हणाला की इथं थांबवता येत नाही, मागं ट्रक आहे. आरशात खरंच ट्रकचं तोंड होतं, खिडकीला चिकटल्यासारखं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. गाडी उतरत राहिली.

ती पाच-सात मिनिटं वत्सलाला पुढं आयुष्यभर पुरली. गाडी एकेक वळण खाली जात होती आणि ती दुसरी गाडी तेवढीच लांब पळत होती, दोन्हींमधलं अंतर दुप्पट वेगानं वाढत होतं, हे तिला अंगात कळत होतं. भिकनच्या गाडीत नवी पाच माणसं बसली असतील. कोणी घोटीला उतरेल, कोणी विल्होळीला, कोणी पंचवटीत. ज्याला त्याला दारापर्यंत सोडायची गाडी. उतरताना कुणीही पोरीचा हात धरला तर बाकीचे म्हणतील, त्यांचीच असेल. आणि गोदी बोलणार नाही. अनोळखी माणसानं नाव विचारलं की ती फ्रॉकचं टोक तोंडात घालते. नाव विचारलं तर काय सांगेल? गोदी. नाशिकात घरटी एक गोदी. आडनाव तिला शिकवलंच नव्हतं. घर कुठं म्हटलं की ती सांगायची, जिथं मनीमाऊ व्याली तिथं. सगळ्यांना तिचं हे उत्तर किती आवडायचं, वत्सला ते शेजारणींना हसत हसत सांगायची.

तिनं तान्ह्याला इतकं घट्ट धरलं की तो कळवळला.

आत्याबाईंकडून आता शब्द येईल, याची ती वाट पाहत होती. पोटची पोर विसरलीस. त्यांची जीभ तिखट होती, दिंडोरीच्या गावात त्यांच्यापुढं कुणी उभं राहत नसे. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बोलल्या नाहीत. पुढच्या सीटच्या कडेवर त्यांची बोटं दिसत होती, आणि ती सीटची शिवण उसवत होती. जिला कशाचं भय नाही तीच भ्यालेली होती.

एका वळणावर ट्रकवाले ब्रेक गार करायला थांबत तेवढी रुंद जागा आली. कोंडाजीनं गाडी तिथं घेतली आणि मग पुढं काय यावर बोलणं सुरू झालं. दादरचे गृहस्थ म्हणाले, खाली कसाऱ्याला उतरू, तिथून नाशिकच्या स्टँडला फोन लावू, गाडी पोचली की ते पोरीला उतरवून घेतील. बोलणं शहाणपणाचं होतं. फोन कधी लागेल हे मात्र त्यांना सांगता येईना. परत वर गेलो तर या मुलाचं विमान जाईल, असंही ते म्हणाले आणि सगळ्यांनी बहिरूकडं पाहिलं.

वत्सलानंही पाहिलं. त्याच्याकडं काही मागायचा आपल्याला हक्क नाही हे तिला समजत होतं. त्याच्या घरच्यांनी दोन बैल विकून त्याला पाठवलं होतं, भिकननं सांगितलं होतं. तरी तिची नजर हटेना.

बहिरूच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाला, "मीच निजवलं तिला. फिरवा गाडी."

कोंडाजीनं फिरवली.

चढताना गाडी रडत होती. इगतपुरीच्या हॉटेलसमोर वत्सला चालत्या गाडीतूनच उतरायला निघाली, शेजारच्या बाईनं दंड धरून ठेवला. हॉटेलवाल्याला आठवत होतं. हो, पुढच्या सीटवर पोरगी होती, टॉवेल पांघरलेली. भिकनकडं नाशिकचं एक कुटुंब बसलं, तीन पोरांचं, त्यातली एक असेल असं वाटलं. गाडी जाऊन अर्धा तास झाला. तो हे सांगत असताना त्याचा कपबश्या विसळणारा हात थांबला नाही. वत्सलाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याचा गळा धरावासाही वाटला.

पुन्हा गाडी नाशिककडं. आत्याबाईंनी डोळे मिटून सप्तशृंगीला काहीतरी बोलायला सुरुवात केली, ते मध्येच तुटलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बहिरूनं एकदाच मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग ते सोडून खिशात ठेवलं.

घोटीच्या अलीकडं कोंडाजीनं एकाएकी दिवे उघडझाप केले. समोरून भिकनची गाडी येत होती. गाडी तीच, छपरावरचं कॅरिअर वाकडं. वत्सला पुढं झुकली. काचेतून भिकन दिसला. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती.

दोन्ही गाड्या रस्त्याच्या कडेला लागेपर्यंत ती त्या रिकाम्या सीटकडं पाहत राहिली. उतरवलं तिला कुणीतरी. घोटीला उतरवलं. आपण उशीर केला. तिला दार उघडता येईना, ती मूठ उलटीच फिरवत होती.

भिकननं उतरून मागचं दार उघडलं. आतून एक पोर उतरलं, मग दुसरं, आणि त्यांच्यामागून टॉवेल अंगाभोवती गुंडाळलेली गोदी. हातात अर्धं बिस्किट. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि आईकडं पाहू लागली. जवळ आली नाही. वत्सला तान्ह्याला धरून दारातच राहिली. मधे दहा पावलं रस्ता होता. शेवटी आत्याबाई गेल्या, गुडघे दुखणारी ती बाई धावली, आणि पोरीला उचलायचं सोडून तिच्यापुढं मातीतच बसली.

भिकन हात जोडून उभा होता. पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. "मी समजनू हाई पोर त्यासनी शे, त्या समजनात मनी शे." त्या कुटुंबाला वाटलं ड्रायव्हर आपल्या लेकीला बरोबर घेऊन फिरतोय. भिकनला वाटलं त्यांचं चौथं, मागं दाटी म्हणून पुढं टाकलेलं; तोंडावर टॉवेल होता, ही सकाळचीच पोर हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. घोटीला पोरगी जागी झाली आणि आजी पाहिजे म्हणाली. भिकननं मागं वळून सांगितलं, हिला आजीपाशी घ्या. मागं आजी नव्हती. तेव्हा त्यानं ब्रेक मारला, आणि त्या कुटुंबातल्या आईनं पोरीला मागं आपल्यापाशी घेतलं. भिकनच्या गाडीतली नाशिकची माणसं कुरकुरत होती, त्यांना पुन्हा उलटं आणलं होतं. पण त्या कुटुंबातली आई खाली उतरून आपली तीन मोजत होती.

वत्सलानं गोदीला घेतलं तेव्हा तिच्या केसांना बहिरूच्या टॉवेलचा नवा, खळीचा वास होता. पोर रडली नाही. ती आईच्या मानेत तोंड घालून नुसता श्वास घेत राहिली, भराभर, पळून आल्यासारखी. तेव्हा वत्सलाला कळलं की ती किती भ्यालेली होती आणि किती वेळ गप्प बसली होती.

गाडीत बसताना आत्याबाईंनी तिला बाजूला घेतलं. चेहरा धुळीनं आणि पाण्यानं माखलेला.

"मी तुला इचारायला पाहिजे होतं, मग बसायला पाहिजे होतं. रंगूला मी सांगन. तू एक शब्द नाय बोलायचा."

वत्सलानं मान हलवली.

मुंबईत शिरताना दीड वाजून गेला होता. कुणी न सांगता कोंडाजीनं दादर मागं टाकलं आणि गाडी आधी फोर्टात नेली. दादरच्या गृहस्थांनीही, ज्या लग्नाला निघाले होते त्याचा मुहूर्त जवळ येत होता तरी, हूं का चूं केलं नाही. एका जुन्या इमारतीसमोर बहिरू उतरला, जिना चढून गेला, आणि सगळे जिन्याकडं पाहू लागले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी तो दारात आला. साहेब जेवायला गेले होते म्हणाला, आत्ता आले. हातात पासपोर्ट होता. तो त्यानं सगळ्यांना दाखवला, गोदीलाही उघडून फोटो दाखवला. आत्याबाईंनी त्याच्या गालावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

हसणं-बोलणं झालं, गाडी सुरू झाली. इगतपुरीच्या अलीकडं बसलेली ती बाई आणि आता बसलेली ही एकच नव्हे, असं तिला वाटत होतं. प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या दाराकडं तिचं लक्ष जायचं. दार लागलेलं आहे ना.

"आई," गोदी म्हणाली, "माझा हात दुखतो."

वत्सलानं पाहिलं. घोटीपासून तिनं पोरीचं मनगट धरून ठेवलं होतं, तिथं पाच बोटं तांबडी उमटली होती. तिनं तो हात सोडला, फुंकर घातली, आणि दुसरा धरला.