जिभेखालची भुकटी

दिवाकर मुळ्यांना अफूचा खडा लागला तो मिलमधे. रातपाळीत लूमवर उभं राहून कंबर धरायची, आणि शेजारचा कुणीतरी देई. पुढे मिल बंद पडली, खडा काही सुटला नाही. शेवटी डॉक्टरांनी त्याऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली. अट एकच होती, गोळी घरी न्यायची नाही. त्यांच्या हिंदीभाषी शहरातल्या सुदामा नगरात नानासाहेबांच्या मेडिकलवर, त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळवायची.

पावसाळाभर हे नीट चाललं. मग एका सकाळी नानासाहेबांनी गोळी द्यायच्या ऐवजी आत जाऊन कागदावर पांढरी भुकटी आणली.

"ये क्या है, नानासाहेब?"

"तीच गोळी. कुटलीय. जीभ वर करा."

शेजारी मुलासाठी खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईने पर्स काखेत ओढून घेतली. दिवाकरांनी निमूट जीभ वर केली. पण दुपारी डोस कमी पडल्यावर येतात तशा जांभया सुरू झाल्या, आणि डोक्यात किडा वळवळू लागला. आत जाऊन काय मिसळलं असेल? अर्धी गोळी ठेवून घेतली असेल का?

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावर पोचतात तो मेडिकलमधून त्यांची बायको उषा बाहेर पडताना दिसली. तिच्या हातात ना पिशवी, ना औषध. मागे वळून तिने नानासाहेबांना मान डोलावली. दिवाकरांच्या मनात दोन आणि दोन चार झाले. दोघांनी मिळून डोस कमी केलाय, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

"मला अख्खी गोळी हवी," काउंटरवर ते म्हणाले.

"अख्खी मिळणार नाही."

"मग राहू द्या."

"जशी मर्जी, भिया," कुणालाही भाऊ म्हणावं तसं म्हणत नानासाहेब दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

दिवाकर पुन्हा तिकडे फिरकलेच नाहीत. घरी उषाशीही बोलले नाहीत. तिने चहा ठेवला तर कपाकडे बघत बसले. दोनेक दिवसांत नाक गळू लागलं, पिंडऱ्यांत गोळे येऊ लागले. तेव्हा ते जवळच्या हातोद गावच्या बसमधे जाऊन बसले. तिकडे अफू देणारा जुना माणूस होता. कंडक्टर जवळ आला आणि त्यांना वाटलं, आज खडा घेतला की हा सुधारायचा नाही असं त्या दोघांना जे वाटतंय ते मीच खरं करून देणार. ते उतरले आणि घामेजलेले तसेच मेडिकलवर आले.

"उषा कशाला आली होती? सच बोलो."

नानासाहेबांनी चष्मा काढला. "तुम्हाला आत बसवा म्हणायला. गिऱ्हाइकांपुढे आ करायला लावतो ना मी. तिला कुणीतरी सांगितलं."

"आणि भुकटी?"

"इथे गोळी घेणाऱ्यांपैकी कुणीतरी ती गालात दाबून बाहेर नेली आणि विकली. माझं लायसन जाईल. कोण ते कळलं नाही. तुमच्यावरही शक होता. अजून आहे."

"माझाही तुमच्यावर आहे," दिवाकर म्हणाले. "कुटायचं तर माझ्यासमोर कुटा."

नानासाहेबांनी काउंटरची फळी उचलली. मग त्यांना आत औषधांच्या खोक्यांमधे स्टुलावर बसवलं, पाकीट समोर फाडलं, गोळी समोर कुटली. आणि विरघळल्यावर टॉर्च लावून दोन्ही गाल तपासले. कुणी कुणाची माफी मागितली नाही.

घरी उषा मेथी निवडत होती. दिवाकर तिच्यासमोर बसले.

"मला आत बसवा, एवढंच सांगायला गेली होतीस?"

उषाने हातातली जुडी खाली ठेवली. "नाही. तुम्ही रोज जाता का, तेही विचारलं."

"काय म्हणाले?"

"रोज येतात म्हणाले. पण मला पटेना, म्हणून त्याच दिवशी समोर आडोशाला थांबून बघितलंही."

दिवाकरांना राग यायला हवा होता. त्यांनी मेथीची एक काडी उचलली, पानं खुडू लागले. "उद्या बरोबरच चल," ते म्हणाले. "आत दोन स्टुलं आहेत."

उषाने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि मगच हो म्हणाली.