नावाची बाजू

मित्रांनो, टेबलाच्या खालच्या खणात, झिजलेल्या ब्रशांच्या शेजारी पुठ्ठ्याचा एक डबा आहे. त्यात मी राहतो. मी एक जुना, लाल रंगाचा ऑडिओ इंटरफेस आहे. नाव मोठे असले तरी काम सरळ आहे. माइक माणसाच्या आवाजाची अगदी क्षीण वीज करतो. मी ती वाढवतो आणि तिचे आकडे करून संगणकाला देतो. किती वाढवायची, ते माझ्या पुढच्या गोल बटणावर ठरते.

कारखान्यात माझी तपासणी झाली, पाठीवर शिक्का बसला आणि दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त फळीवरून मी या घरी आलो. घरात माणसे दोन. बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांना सगळे पेंटरच म्हणत. दृष्टिहीन मुलांच्या ग्रंथालयासाठी विज्ञानाचे एक पुस्तक वाचून देण्याचे बाईंनी कबूल केले होते. पण त्यांच्या गळ्यात गाठ होती आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. नंतर आवाज असाच राहील, असे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नव्हते. पुस्तक त्याआधी संपायला हवे होते.

माइक पेंटरांनी बसवला. त्यावर कोरलेले कंपनीचे नाव त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे केले, म्हणजे आल्यागेल्याला वाचता येईल. बाई माइकच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे पाठ करून बसल्या.

त्यांचा आवाज माझ्यापर्यंत फार पुसट यायचा. त्यामुळे बटण पार शेवटपर्यंत फिरवावे लागे, आणि मग आवाजाबरोबर माझी स्वतःची खरखरही वाढे. ग्रंथालयाने पहिली प्रकरणे परत पाठवली. आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो, असे त्यांनी कळवले. बाईंनी दारे लावली, पंखा बंद केला, शेवटी डोक्यावरून रजई घेतली. भर उन्हाळ्यात रजईखाली बसून त्या उष्णतेचे वहन समजावत होत्या. धडा प्रयोगासह झाला, असे पेंटर म्हणाले. तेही प्रकरण परत आले.

मग दोष माझ्यावर आला.

“स्वस्तातलं आहे ते. अजून काय होणार?” पेंटर म्हणाले आणि त्यांनी माझ्या वायरी काढल्या. वाईट वाटले, पण खरखर माझीच होती. ते नाकारता येत नव्हते.

त्यांच्या लेकीने व्यावसायिक स्टुडिओत असतो तसा नवा इंटरफेस आणला. काळा, जड, अबोल. ती हेडफोन लावून ऐकायला बसली. बाईंनी एक परिच्छेद वाचला. नवा आपल्या पदरचे काहीच घालत नव्हता. तारेतून जे येई, तेच तो पुढे देई. लेकीने हेडफोन काढला, पुन्हा लावला.

“आई, तू लांब आणि फ्रिज जवळ. असं कसं?”

“फ्रिज तर स्वयंपाकघरात आहे.”

“तेच म्हणतेय मी. मांडीला मांडी लावून बसल्यासारखा घरघरतोय.”

ती उठली आणि बोलत बोलत माइकभोवती फिरली. नावाच्या बाजूला येताच तिचाच आवाज तिच्या कानात दणदणला. हा माइक नावाच्या बाजूने ऐकणारा होता.

“बाबा, नाव दाराकडे का केलंत?”

“अगं, पाटी काय दुकानदाराला वाचायला असते?”

बाईंनी हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाल्या, “म्हणजे मी शिकवत होते आणि वर्ग खिडकीबाहेर बघत होता. सवयीचंच आहे.”

माइक फिरवला. खात्री करायची म्हणून लेकीने मलाही एकदा जोडले. बटण निम्म्यावर राहिले आणि खरखर ऐकू आली नाही. लाल उगाच बदनाम झाला, असे ती म्हणाली. पेंटरांनी मला फडक्याने पुसले. पुस्तक मात्र नव्यावरच झाले. शेवटचे प्रकरण शस्त्रक्रियेच्या आधी गेले आणि परत आले नाही.

गाठ निघाली. बाईंचा आवाज आला, पण पूर्वीचा नाही. बारीक, लवकर थकणारा. त्या आवाजात त्या आता दुसरे पुस्तक वाचतात. इतका हळू आवाज स्वच्छपणे वाढवणे मला जमले नसते. नव्याला जमते. तो या घरात आला, हे बरेच झाले.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. एखादी वस्तू कामातून गेली असे ठरवण्याआधी तिच्याभोवती एकदा फिरून पाहा. ती कुठल्या बाजूने ऐकते, ते कदाचित कोणी विचारलेलेच नसेल.

माझा हा डबा पेंटरांनी बनवला. त्यावर त्यांनी सुबक अक्षरांत रंगवले आहे, ‘लाल. उत्तम चालतो.’ झाकण लावले की ती अक्षरे बाहेर कोणाला दिसत नाहीत. त्यांनी ती आतल्या बाजूला काढली आहेत, माझ्याकडे तोंड करून.